नवीन अपराइट पियानो सुरात का राहत नाही: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

घरात नवीन अपराइट, म्हणजे उभा, पियानो आलाय, वर्ष-दोन वर्षंच झालीत, ट्यूनर येऊन गेला की थोडे दिवस झकास वाजतो आणि मग परत काहीतरी खटकायला लागतं. मधल्या सप्तकातली पट्टी दाबली की सूर थरथरल्यासारखा येतो, मुलं म्हणतात क्लासमधल्या पियानोसारखा वाजत नाही, आणि घरातलं कुणीतरी लगेच म्हणून मोकळं होतं की आपल्याला पीसच खराब लागला. तसं असेलही, पण बहुतेक वेळा नसतं. इकडच्या हवेत नवा पियानो पहिली दोन-तीन वर्षं हलतोच, प्रश्न एवढाच की तो जेवढा हलायला पाहिजे तेवढाच हलतोय की जास्त. हे ओळखायला पियानो वाजवता आला पाहिजे असं काही नाही, एक हायग्रोमीटर (हवेतला ओलावा टक्क्यांत दाखवणारं यंत्र), एक फोन आणि एक वही पुरते. कारणं मुख्यतः चार असतात, हवा, नव्या तारा, ट्यूनिंगचं काम आणि खरोखरचा दोष, आणि चारही कारणांच्या खुणा वेगवेगळ्या दिसतात. म्हणून भांडायच्या आधी, किंवा परत पैसे घालायच्या आधी, खुणा गोळा करा.

आधी आत काय चाललंय ते बघा

पियानोच्या ८८ पट्ट्या, पण आत तारा साधारण २२० ते २३० असतात. एकदम खालच्या खर्जाच्या सुरांना एकेकच जाड तार असते तांबं गुंडाळलेली, त्याच्या वर दोन-दोन, आणि मधल्या भागापासून वरपर्यंत प्रत्येक सुराला तीन-तीन. प्रत्येक तार साधारण ७०-८० किलोच्या आसपास ओढलेली असते, सगळ्या मिळून १५ ते २० टनांचा ताण. एवढा ताण आतली बिडाची फ्रेम सांभाळते. तारेचं वरचं टोक ज्या खुंटीला गुंडाळलंय ती ट्यूनिंग पिन, आणि ती पिन फ्रेमच्या मागच्या पिनब्लॉकमध्ये ठोकलेली असते, हा पिनब्लॉक म्हणजे कठीण लाकडाचे थर आडवेउभे चिकटवून केलेली जाड फळी. पिनला स्क्रूसारखे मोठे आटे नसतात, नट नसतो, लाकूड तिला घट्ट आवळून धरतं म्हणूनच ती जागेवर राहते.

आणि सगळ्यांच्या मागं असतो साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी पातळ फळी, स्प्रूस लाकडाची, जाडी साधारण ८-९ मिलिमीटर, आकारानं जवळजवळ पियानोएवढा. तो सपाट नसतो, तारांच्या बाजूला किंचित फुगीर ठेवलेला असतो. त्याच्यावर ब्रिज, म्हणजे लाकडाची जाड पट्टी, आणि ब्रिजवरनं तारा दाबून गेलेल्या.

आता पावसाळ्यात काय होतं? तारा पोलादाच्या, त्यांना दमट हवेनं सुरापुरता काही फरक पडत नाही, पण साउंडबोर्ड सादळतो, लाकूड आडवं फुगतं, कडा तर चारी बाजूंनी चिकटवलेल्या, मग फुगलेलं लाकूड जाणार कुठं, तो अजून पुढं येतो, ब्रिज तारांना ढकलतो, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. कोरड्या दिवसांत बरोब्बर उलटं, फळी आकसते, फुगीरपणा कमी होतो, तारा सैल होतात, सूर उतरतो. खूप जणांना वाटतं पावसाळ्यात सगळं ढिलं पडून सूर उतरत असणार. पियानोचा चढतो. ही दिशा पक्की डोक्यात ठेवा, पुढं निदान करताना हीच उपयोगी पडते.

इकडच्या हवेचं काय

बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, घाट जवळ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत एवढं पाणी की घरातल्या हायग्रोमीटरवर ८५ च्या वर आकडा दिवसेंदिवस बसून असतो, दारं फुगून चौकटीत अडकतात, आणि फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी तोच आकडा ३० च्या आसपास येतो. पियानोला मानवतं ते साधारण ४० ते ६० टक्के, आणि त्यातही स्थिर. आपल्याकडं वर्षभरात हा लंबक या टोकाचा त्या टोकाला जातो.

जिल्ह्यात सगळीकडं सारखं नाही हेही लक्षात घ्या. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळा अंगावर येतो, कौलारू घरात भिंतींना ओल उतरते, तिथल्या पियानोला पावसाळाच मोठा शत्रू. निपाणी, चिकोडीकडं पाऊस त्यापेक्षा कमी, आणि अथणीच्या बाजूला तर उन्हाळ्याचा कोरडेपणाच जास्त नडतो. म्हणजे बेळगावच्या टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये जो उपाय चालला तोच अथणीत चालेल असं धरून बसू नका, तुमच्या खोलीतला आकडा काय म्हणतो ते बघा.

शिवाय पियानो आला कुठनं? पुण्या-मुंबईहून, बंगळूरहून, नाहीतर चोर्ला घाटातनं गोव्याहून. कारखान्यात लाकूड एका हवेला वाळवलेलं, मग जहाज, गोडाऊन, एसी शोरूम, तिथनं टेम्पोत घालून तुमच्या हॉलमध्ये. लाकडाला नव्या जागेच्या हवेशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात. घरात आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी ट्यूनर बोलावला तर ते ट्यूनिंग टिकत नाही, निदान दोन-तीन आठवडे पियानो नुसता बसू द्या, वाजवा खुशाल, पण ट्यूनिंग नंतर.

पहिलं काम: हायग्रोमीटर आणि वही

डिजिटल हायग्रोमीटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. एकावर विश्वास नसेल तर दोन घ्या आणि शेजारी ठेवून बघा. तो पियानोवर, पण खिडकीच्या झोतात नाही आणि दिव्याच्या उबेत नाही असा ठेवा. रोज सकाळी एक आकडा, जमल्यास दुपारी एक. बस्स.

मग सूर. फोनवर फुकटातलं कुठलंही ट्यूनर अ‍ॅप घ्या जे सेंट दाखवतं. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचे शंभर भाग. मधल्या सप्तकातला ए, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहा, ४४० हर्ट्झ पाहिजे. तो १० सेंट चढला तर साधारण ४४२.५ होतो, २० सेंट चढला तर ४४५. आपल्या हवेत मधल्या भागात वर्षात एवढी हालचाल दिसली तर दचकू नका, ओल-कोरड जेवढी मोठी तेवढी ती मोठी.

मोजायची पद्धत नीट पाळा नाहीतर वहीतले आकडे कामाचे राहत नाहीत. एका सुराला तीन तारा असतात, तिन्ही एकदम वाजल्या आणि आपसात जुळत नसतील तर अ‍ॅपचा काटा नाचत बसतो, म्हणून दोन तारा दाबून एकच मोजायची. त्यासाठी पियानोचं वरचं झाकण आणि पुढचं पॅनल काढावं लागतं, बहुतेक अपराइटमध्ये पॅनल आतल्या दोन खिट्ट्या फिरवल्या की सुटतं, पण ते जड असतं, दोघांनी धरा. तारा दाबायला रबराची छोटी पाचर मिळते, नाहीतर जाड फेल्टची पट्टी दोन तारांत अलगद सरकवा. स्क्रूड्रायव्हर, चमचा असलं काही आत घालू नका. प्रत्येक वेळी तीच तार मोजायची, मधली. आणि दिवसाची वेळ तीच ठेवायची, कारण तारांवर ऊन आलं की पोलाद तापून तासाभरात सूर थोडा उतरतो आणि संध्याकाळी परत येतो, त्याची नोंद झाली तर निष्कर्ष चुकतो.

सगळ्या ८८ मोजत बसू नका. मधल्या तीन सप्तकांतले सी (पांढरी एक) आणि ए, अधिक जिथं तांबं गुंडाळलेल्या तारा संपून साध्या तारा सुरू होतात त्या जोडावरचे दोन-तीन सूर. हा जोड महत्त्वाचा आहे, हवेनं सगळ्यात जास्त हलतात ते त्याच्या लगेच वरचे साध्या तारांचे सूर. खर्जाचा ब्रिज वेगळा असतो आणि त्या तारा कमी हलतात, म्हणून हवा बदलली की नेमकं तिथं सप्तक जुळत नाही आणि डाव्या हाताची साथ बेसूर वाटते. अगदी वरचं आणि अगदी खालचं टोक अ‍ॅपवर मोजून घाबरू नका. चांगला ट्यूनर वरचे सूर मुद्दाम किंचित चढे आणि खालचे किंचित उतरे लावतो, कारण जाड, ताठ तारेतले वरचे स्वरांश गणितापेक्षा थोडे चढे निघतात, आणि लहान अपराइटमध्ये हे जास्तच असतं. अ‍ॅपला हे कळत नाही, तो सरळ गणित दाखवतो.

आठवड्यातनं एकदा मोजलं तरी खूप झालं. निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा अशी नोंद झाली की चित्र स्पष्ट होतं, पण दोन महिन्यांतसुद्धा बरंच कळतं.

आता वहीतलं वाचायचं कसं

मधला सगळा भाग एकाच दिशेनं सरकलाय, जुलैत वर, जानेवारीत खाली, हायग्रोमीटरच्या आकड्याच्या मागोमाग, आणि एका सुरातल्या तिन्ही तारा आपसात अजून बऱ्यापैकी जुळतायत. ही हवा आहे. पियानो ठणठणीत आहे. याला दुकानदार काही करू शकत नाही आणि ट्यूनरचाही दोष नाही, इलाज खोलीचा करायचा.

हायग्रोमीटर फारसा हलला नाही तरी सगळा पियानो हळूहळू फक्त खालीच चाललाय, ट्यूनिंगनंतर परत खाली, पण दर वेळी उतरण्याचं प्रमाण कमी होतंय. या नव्या तारा. पोलादाची नवी तार ताणाखाली वर्षभर तरी थोडी थोडी लांबते, पिनभोवतीचे वेढे आवळून बसतात, ब्रिजवर जिथं ती वळते तिथला बाक पक्का होतो. म्हणूनच नव्या पियानोला पहिल्या वर्षात तीन-चार ट्यूनिंग लागतात आणि नंतर वर्षाला दोन. इकडं बहुतेक घरांत काय होतं, पियानो घेताना एक फुकट ट्यूनिंग मिळतं आणि मग दोन वर्षं कुणी बघत नाही, आणि मग म्हणायचं टिकत नाही. त्याला टिकायची संधीच दिलेली नसते. आणखी एक गोष्ट, नवा म्हणून घेतलेला पियानो शोरूममध्ये किती दिवस उभा होता आणि तिथं किती वेळा ट्यून झाला हे विचारा, नुसता उभा राहिलेला पियानो वयानं दोन वर्षांचा असला तरी ट्यूनिंगच्या हिशेबानं नवाच.

ट्यूनर गेल्यावर दोन-चार दिवसांतच, हवा तीच असताना, तिथले-इथले सूर सुटलेत, आणि सुटलेत म्हणजे एका सुरातल्या तीन तारांपैकी एक सरकलीय. तो थरथराट, वँव वँव असा, त्याचाच असतो. हे बहुधा ट्यूनिंगच्या कामाचं. त्याच्याबद्दल खाली सविस्तर सांगतो कारण इथंच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

आणि शेवटची खूण, दर वेळी त्याच त्याच पट्ट्या, त्याच तारा, नेहमी खाली, आणि वेगानं, बाकी पियानो शेजारी नीट असताना. ट्यूनर बदलला तरी त्याच. मग पिन ढिली आहे, किंवा पिनब्लॉकला तिथं चीर आहे, किंवा ब्रिज तडकलाय. हा खरा दोष, आणि नव्या पियानोत असेल तर तो कंपनीनं बघायचा.

ट्यूनिंगचं काम म्हणजे काय

पिन फिरवून काटा शून्यावर आला म्हणजे ट्यूनिंग झालं असं नाही. पिन लाकडात घट्ट बसलेली, वरनं पाना फिरवला की आधी तिचं डोकं फिरतं आणि पोलाद किंचित पिळलं जातं, लाकडातलं टोक मागनं फिरतं. ट्यूनरनं हा पीळ तसाच ठेवून पाना काढला तर पिळलेला टॉवेल सोडल्यावर उलगडतो तशी पिन नंतर हळूच मागं येते आणि सूर जातो. तारेचंही तसंच, तार पिनपासून ब्रिजपर्यंत जाताना प्रेशर बारखालनं, म्हणजे तारा दाबून धरणाऱ्या धातूच्या पट्टीखालनं, घासून जाते, वरच्या तुकड्यातला ताण आणि वाजणाऱ्या भागातला ताण वेगळा राहिला तर जोरात वाजवल्यावर तार सरकते. म्हणून चांगला ट्यूनर सूर लावता लावता पट्टी जोरजोरात ठोकतो, ऐकणाऱ्याला वाटतं काय पियानो फोडतोय, पण ते ठोकणंच सूर पक्का करतं. जो ट्यूनर हळुवार टिचक्या मारत बसतो त्याचं काम मुलीनं एक जोरकस तुकडा वाजवला की सुटतं.

दुसरी गोष्ट पिच रेझ, म्हणजे उतरलेला सगळा पियानो परत वर ओढून घेणं. समजा पियानो सगळा ३० सेंट उतरलाय. ट्यूनर एकेक तार वर घेत चालला की एकूण ताण वाढतो, फ्रेम आणि साउंडबोर्ड त्या ताणाखाली किंचित दबतात आणि आधी लावलेल्या तारा परत खाली येतात. म्हणजे शेवटची तार लावेपर्यंत पहिली गेलेली असते. त्यामुळं असा पियानो एका फेरीत सुरात येतच नाही, आधी एक भराभर फेरी जरा जास्तच वर ओढून, मग दुसरी बारीक फेरी, आणि शक्यतो तीन-चार आठवड्यांनी परत एकदा. नुसत्या साध्या ट्यूनिंगला दीड-दोन तास लागतात. खूप उतरलेला पियानो कुणी पाऊण तासात करून गेला तर तो टिकणार नाही हे धरून चाला.

ट्यूनर आला की विचारा: आल्यावर ए किती सेंटवर होता, पिच रेझ करावा लागला का, पिना हाताला घट्ट लागतायत की सैल, सैल असतील तर कुठल्या. उत्तरं वहीत तारखेसह लिहा. चांगल्या ट्यूनरला असं विचारलेलं आवडतं, माझा तरी तसाच अनुभव आहे. काम झाल्यावर तो जायच्या आधी मुलाला दहा मिनिटं पूर्ण ताकदीनं वाजवायला लावा आणि मग मधला भाग एकदा ऐका.

आपल्या गावात पेटीवाल्यांची कमी नाही. नामवंत पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे जिथं राहिले आणि शिकवायचे त्या बेळगावात पेटीचा कान असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत आणि म्हणून बरेच जण पेटी दुरुस्त करणाऱ्यालाच पियानोला हात लावायला सांगतात. त्यांचा कान उत्तम असतो यात शंका नाही. पण पेटीतली रीड पितळेची, घासून सूर लावलेली, ओलीनं तिचा सूर फारसा हलत नाही आणि एकदा लावला की वर्षं निघतात. पियानोत कानापेक्षा हाताचं काम जास्त आहे, पिन किती अंशानं, कुठल्या बाजूनं, कसा पीळ सोडून बसवायची हे वेगळं शिक्षण. पेटीवाल्या काकांना जरूर बोलवा, पण ट्यूनरच्या शेजारी बसून ऐकायला, चांगला कान घरात असणं लाखाचं.

स्वतः ट्यूनिंगचा पाना मागवून प्रयोग करू नका, निदान नव्या पियानोवर नाही. साध्या पान्यानं, पकडीनं तर नाहीच नाही. पिन वाकली किंवा भोक मोठं झालं की ते लाकूड परत पहिल्यासारखं होत नाही, आणि तार तुटली तर ती जोरात उसळते, डोळ्याला लागू शकते.

ट्यूनिंग कधी करायचं

इथं बरेच जण उलटं करतात. जूनच्या पहिल्या पावसात सूर चढायला लागला की घाईनं ट्यूनर बोलावतात, तेव्हा साउंडबोर्ड अजून पाणी पीतच असतो, पंधरा दिवसांत परत जातो. हवा बदलत असताना ट्यूनिंग करायचं नाही, बदलून स्थिर झाल्यावर करायचं. हायग्रोमीटरचा आकडा दोन-तीन आठवडे साधारण एका पट्ट्यात आला की वेळ झाली. बेळगावात ढोबळमानानं एक जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये, आणि एक थंडी-कोरड बसल्यावर डिसेंबरमध्ये. दोन परवडत नसतील तर एकच, पण दर वर्षी त्याच महिन्यात, म्हणजे निदान तारांना दर वर्षी उगाच वरखाली ओढाओढ होत नाही. ग्रेडची परीक्षा असेल तर आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करा.

ट्यूनर बहुधा बाहेरगावचा असतो, एका पियानोसाठी घाट चढून यायला त्याला परवडत नाही. म्हणून आसपासचं चर्च, कॉन्व्हेंट शाळा, क्लासवाले, ज्यांच्या घरी पियानो आहे ते, सगळ्यांनी मिळून एकच तारीख ठरवा. प्रवासखर्च वाटला जातो आणि ट्यूनरही घाई करत नाही. माझ्या मते नुसत्या एवढ्या एका गोष्टीनं इकडच्या निम्म्या पियानोंचं भलं होईल.

जागा आणि खोली

पावसाच्या झडीची भिंत, म्हणजे बहुतेक घरांत पश्चिमेची किंवा नैऋत्येची, तिला पियानो टेकवू नका. अपराइटचा साउंडबोर्ड पाठीमागं उघडा असतो आणि ओली भिंत थेट त्याच्यावर श्वास टाकते. आतली भिंत बघा, आणि तिथंही १०-१५ सेंटिमीटर जागा मागं सोडा. खिडकीसमोर नको, स्वयंपाकघराच्या दारात नको, एसीच्या झोताखाली नको. फरशी उंचसखल असेल तर चारही चाकं नीट टेकतायत का बघा, पियानो पिळून उभा राहिला तरी सूर हलतो, आणि नवीन जागेवर सरकवला की ट्यूनिंगच्या आधी परत दोन-तीन आठवडे.

पावसाळ्यात कपडे हॉलमध्ये दोऱ्या बांधून वाळत घालायची आपली सगळ्यांची सवय. पियानोच्या खोलीत ते बंद करा. बादलीभर कपड्यांतलं पाणी त्याच हवेत जातं आणि पुढचं गिऱ्हाईक साउंडबोर्ड. पाऊस चालू असताना हवा येऊ दे म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर बाहेरचे ९० टक्के आत येतात, पंख्यानं ते कमी होत नाहीत.

डीह्युमिडिफायर परवडत असेल तर तोच सगळ्यात चांगला उपाय, खोलीच्या मापाचा घ्या, दारं-खिडक्या बंद करून चालवा आणि त्याला ५५ वर लावून ठेवा. रोज टाकीत निघालेलं पाणी बघितलं की कळतं पियानो काय सोसत होता. एसी असेल तर त्याचा ड्राय मोडही बराच उपयोगी. सिलिका जेलच्या पुड्या एवढ्या मोठ्या वस्तूला पुरत नाहीत, एक-दोन दिवसांत भरतात. आत बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत करू नका, एकाच जागी लाकूड भाजून निघतं, आग लागायचा धोका वेगळाच.

पियानोच्या आत खालच्या बाजूला बसवायची हीटर रॉड मिळते, कमी वॉटची, ती आतली हवा किंचित उबदार ठेवते. खानापूरच्या बाजूला ती खरंच कामाची, पण ह्युमिडिस्टॅटसहच घ्या, म्हणजे आकडा वाढला की चालू आणि कमी झाला की आपोआप बंद. नुसती रॉड वर्षभर चालू राहिली तर मार्चमध्ये आधीच कोरडं असलेलं लाकूड अजून कोरडं होतं आणि साउंडबोर्ड तडकतो, पिनाही सैल होतात. अथणी-चिकोडीकडं उलट विचार करा, तिथं उन्हाळ्यात ओलावा देणारी टाकीवाली पूर्ण सिस्टिम जास्त उपयोगी. आत वाटीत पाणी ठेवू नका, सांडलं की तारा आणि फेल्ट दोन्ही जातात.

तक्रार करायची वेळ आली तर

एवढं सगळं करून, खोली ४५ ते ६० मध्ये राखून, नीट दोन-तीन ट्यूनिंग होऊनसुद्धा त्याच तारा सुटत असतील तर मग दुकानदाराकडं जा. ट्यूनिंग वॉरंटीत सहसा धरत नाहीत, पण पिनब्लॉक, ब्रिज, साउंडबोर्ड यांचे दोष बहुधा धरतात, वॉरंटी कार्ड आधी वाचा, त्यात हवामानाबद्दल काय अट घातलीय तेही बघा. ट्यूनरकडनं लेखी घ्या, कुठल्या पट्टीची कुठली पिन सैल आहे, शक्य असेल तर टॉर्क मीटरवरचा (पिन फिरवायला किती जोर लागतो ते मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा. सोबत वहीच्या पानांचे फोटो, आर्द्रता आणि सूर शेजारी-शेजारी. तोंडी "सुरात राहत नाही" म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, तुमच्याकडची हवाच तशी. आकडे समोर ठेवले की तसं म्हणता येत नाही, कारण शेजारची तार त्याच हवेत नीट उभी असते.

सैल पिनेला इलाज आहेत, एक माप जाड पिन घालतात, किंवा पातळ सुपरग्लू पिनेच्या बुडाशी सोडून लाकूड घट्ट करतात. दुसरा उपाय स्वस्त आणि जुन्या पियानोंना चांगला, पण नव्या, वॉरंटीतल्या पियानोला कुणी बाटली घेऊन आला तर आधी कंपनीकडनं लेखी होकार मागा, नाहीतर पुढं तेच कारण सांगून हात वर करतात.